तारेवरची कसरत : लांबून सांभाळायचा डबा

प्रश्न : मी मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर आहे. दोन मजले, ७० मुली, चार अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे डबे). मी स्वतः १८ किलोमीटरवर राहते. ज्याने हे बसवलं तो दिवाळीपासून फोन उचलत नाही. परवा लॅपटॉप जोडून एका डब्याचं सेटिंग उघडलं तर ‘रिमोट मॅनेजमेंट’ असं पान दिसलं. त्यात ‘एसएनएमपी’ चालू, ‘रीड-ओन्ली कम्युनिटी’पुढे ‘पब्लिक’, ‘रीड-राइट कम्युनिटी’पुढे ‘प्रायव्हेट’ असं लिहिलेलं. मॅनेजरचा पत्ता आणि ट्रॅपचा पत्ता रिकामे. खाली एसएसएच आणि टेलनेट, दोन्ही चालू. मला वाटलं, रिमोट म्हणजे घरून बघता येईल. पण घरून १९२.१६८.१.२४५ टाकलं की पान उघडतच नाही. भाचा म्हणतो, ‘मावशी, राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून देतो.’ करू देऊ का?
— एक रेक्टर, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, भाच्याला चहा द्या, पोहे द्या, पण पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरच्यांना आत यायला राउटरमध्ये वाट करून देणं, हे करू देऊ नका.

आधी तो ‘रिमोट’ शब्द. त्याने भल्याभल्यांना चकवलंय. आम्ही या धंद्यात आलो तेव्हा डब्याचं सेटिंग करायचं म्हणजे शिडी लावायची, कन्सोल पोर्टात निळी केबल खुपसायची आणि एका हाताने लॅपटॉप सावरत ९६०० च्या वेगाने उमटणारी अक्षरं वाचत बसायची. त्या मानाने खालच्या मजल्यावर ऑफिसात खुर्चीत बसून तेच काम करणं म्हणजे रिमोटच की! डबा बनवणाऱ्याच्या मनातला रिमोट तो. इमारत तीच, नेटवर्क तेच, फक्त शिडी नको. रत्नागिरीतून, पुण्यातून, दुबईतून, हे त्या पानाच्या गावीही नाही.

घरून पान का उघडत नाही, तेही यातच आलं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते इंटरनेटवर चालतच नाहीत. १९९६ सालच्या नियमाने ते खासगी वापरासाठी बाजूला काढलेत, १० ने सुरू होणाऱ्यांसारखेच. वाड्यातल्या ‘मागची खोली’सारखं आहे हे. वाड्यातल्यांना कळतं, पोस्टमनला नाही. तुम्ही घरून तो पत्ता टाकता तेव्हा तुमचा लॅपटॉप तुमच्याच घरातली मागची खोली शोधतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच एक त्रास सांगणार आहे.

आता पान वरून खाली नको, खालून वर वाचू.

टेलनेट म्हणजे डब्याला लांबून हुकूम द्यायची जुनी वाट. ती बंद करा. आजच. युजरनेम, पासवर्ड, तुम्ही दिलेला प्रत्येक हुकूम, सगळं उघड्या पोस्टकार्डासारखं वायरमधून जातं. शिवाय २०१६ साली ‘मिराई’ नावाचा जो घातक प्रोग्राम जगभर पसरला, तो टेलनेटच्याच दारांवर टकटक करत फिरत होता. त्याच्याकडे कसली विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, आणि तेवढी यादी लाखो कॅमेरे नि राउटर ताब्यात घ्यायला पुरली. एसएसएच हे त्याच कामाचं बंद पाकीट. ते राहू दे, पण ‘अ‍ॅडमिन’ या खात्याचा मूळ पासवर्ड बदलल्यावरच. आणि पान उघडताना पत्त्याआधी एचटीटीपीएस लावा. ब्राउझर लाल त्रिकोण दाखवून घाबरवेल, कारण डब्याने स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच सही करून घेतलेलं असतं. आपल्याच इमारतीतल्या आपल्याच डब्याच्या बाबतीत एवढं चालवून घ्यायला माझी हरकत नाही.

एसएनएमपी (डब्याची हालहवाल लांबून विचारायची भाषा) हा मात्र मला आवडणारा प्राणी आहे, त्यामुळे इथे थोडी रेंगाळते.

समजा, डबा म्हणजे वही सांभाळणारा वॉचमन आहे. किती वेळ जागा आहे, किती डेटा आला-गेला, कुठे चुका झाल्या, सगळं तो लिहून ठेवतो. १६१ नंबरच्या पोर्टावर, म्हणजे दारावर, जाऊन विचारलं की वही वाचून दाखवतो. काही गडबड झाली तर न विचारता स्वतःहून हाक मारतो, ती हाक म्हणजे ट्रॅप, ती जाते १६२ वर. पण त्याने हाक कुणाला मारायची ते तुम्ही लिहायचं असतं. तुमच्याकडे ती जागा रिकामी, म्हणजे तुमचा वॉचमन गप्प आहे.

‘कम्युनिटी’ हे नाव कुणी ठेवलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. नावावरून वाटतं काहीतरी समाजमंदिर असेल. प्रत्यक्षात तो पासवर्ड आहे. ‘पब्लिक’ म्हणणाऱ्याला वही वाचू द्यायची, ‘प्रायव्हेट’ म्हणणाऱ्याला वहीत खाडाखोडही करू द्यायची. आणि हे दोन्ही शब्द जगातल्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत छापलेले. मॅनेजरच्या पत्त्याची चौकट रिकामी असली की बहुतेक डबे ज्याने विचारलं त्याला उत्तर देतात. तुमच्या ७० मुली त्याच वाय-फायवर आहेत ना? त्यात एखादी कॉम्प्युटर डिप्लोमाची असेलच. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने ‘प्रायव्हेट’ म्हणून काय बदललं, हे तुम्हाला जन्मात कळणार नाही. मी तिच्या जागी असते तर केलंच असतं, खोटं कशाला बोलू.

म्हणून रीड-राइटची जागा रिकामी करून बंद ठेवा. रिकामी ठेवू देत नसेल तर वीसेक अक्षरांचं काहीतरी वेडंवाकडं भरा आणि विसरून जा. वाचण्याचा शब्दही बदला. मॅनेजरच्या चौकटीत ज्या एका कॉम्प्युटरवरून पाहणार त्याचाच पत्ता घाला. एसएनएमपीची आवृत्ती निवडता येत असेल तर तिसरी घ्या. पहिली आणि ‘२सी’ या दोन्हींत तो शब्द उघडाच प्रवास करतो. तिसऱ्या आवृत्तीत युजरनेम असतं, पासवर्ड किमान ८ अक्षरी लागतो आणि मजकूर कुलूपबंद जातो. ती २००२ पासून पक्की झालेली आहे, तरी आजही दहातल्या आठ ठिकाणी मला ‘२सी’ आणि ‘पब्लिक’च सापडतं. आकडा माझ्या स्वतःच्या फेऱ्यांचा, शास्त्रीय मानू नका.

आता खरा प्रश्न : हे सगळं हवंय कशाला? ऐकणारा कुणी नसेल तर एसएनएमपी सरळ बंद करा. चार डब्यांसाठी ‘जिवंत आहेस का’ एवढी हाक पुरते. पण ऑफिसात एखादा जुना कॉम्प्युटर पडून असेल तर गंमत आहे. त्यावर लिब्रेएनएमएस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चढवता येतं. ते दर ५ मिनिटांनी प्रत्येक डब्याची वही वाचून आलेख काढतं.

एक उदाहरण सांगते. आमच्या नाशिकजवळच्या एका वसतिगृहातून तक्रार : पहाटे अभ्यासाला उठलं की वाय-फाय जातं. डबा बदलला, केबल बदलली, टोक पुन्हा क्रिंप केलं, छे. शेवटी आठवडाभर एसएनएमपी लावून ठेवलं आणि ‘अपटाइम’चा, म्हणजे डबा किती वेळ सलग जागा आहे त्याचा, आलेख पाहिला. करवतीचे दात! रेघ दिवसभर चढते आणि रोज पहाटे ५:४० च्या आसपास धाडकन शून्यावर. म्हणजे डबा रोज त्याच वेळी बंद पडून पुन्हा चालू होत होता. एक दिवस पाच वाजता जाऊन जिन्यात बसले. पाच चाळीसला वॉचमनकाका आले, जिन्याखालच्या बोर्डावरचं बटण दाबलं, आणि पाण्याची मोटर गुरगुरत सुरू झाली. जिन्यातला ट्यूबलाइट क्षणभर पिवळा पडला. त्याच बोर्डावर, शेजारच्या सॉकेटात, वरच्या डब्याला वीज देणारा अडॅप्टर! अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर नेला, रोग संपला. काका मला म्हणाले, ‘मॅडम, मला विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं, मोटर लावली की दिवे मंदावतात.’ विचारलं नव्हतं हे खरं.

त्या अपटाइमबद्दल एक वेडी गोष्ट. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, आणि आकड्याची जागा ४९७ दिवसांनी भरते. मग तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. सव्वा वर्षाहून जास्त न झोपलेला डबा एक दिवस आत्ताच उठल्यासारखा दिसतो. आपल्याकडच्या विजेमुळे तो दिवस पाहण्याचा योग मला एकदाच आला.

त्याच पानाच्या आसपास ‘सिस्टिम लोकेशन’ अशी चौकट असेल. तिथे ‘ऑफिस’, ‘एपी-३’ असलं काही लिहू नका. ‘पहिला मजला, जिन्याच्या डावीकडे, खोली ४ च्या दारावर’ असं लिहा. रोमन लिपीत, कारण बऱ्याच डब्यांना मराठी अक्षरं पचत नाहीत. तुमच्या जागी उद्या येणारी रेक्टर तुम्हाला दुवा देईल. वेळही लावून घ्या : एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवून घ्यायची सोय) चालू, भारताचा साडेपाच तासांचा फरक निवडलेला. नाहीतर नोंदवही उघडाल आणि सगळ्या गोष्टी १ जानेवारी १९७० ला घडलेल्या दिसतील.

राहिलं घरून बघणं. भाचा म्हणतो ते केलं तर राउटरच्या दाराला भोक पडेल आणि डब्याचं लॉगिनचं पान सगळ्या जगासमोर येईल. ते भोक काही मिनिटांत कुणीतरी यंत्राने हुंगतंच. २०१६ च्या नोव्हेंबरअखेर जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं कनेक्शन कोलमडलं. हल्ला आला होता ७५४७ या पोर्टावर. कंपनीला ग्राहकांचे राउटर लांबून सांभाळता यावेत म्हणून ठेवलेलं ते दार जगाला उघडं राहिलं होतं. मोठ्या कंपनीचं हे होतं, तर तुमच्या-माझ्या डब्याचं काय घेऊन बसलात?

शिवाय भाच्याची युक्ती कदाचित चालणारही नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर कंपनीने एकच खरा पत्ता पुष्कळ घरांत वाटून दिलाय. बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार सापडायचंच नाही, भोक पाडा नाहीतर भिंत पाडा.

उपाय म्हणजे आतून बाहेर फोन लावायचा. ऑफिसातल्या त्याच जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर टेलस्केल (लांबच्या दोन यंत्रांना खासगी वाटेने जोडणारं सॉफ्टवेअर) बसवा, तेच तुमच्या मोबाइलवरही, दोन्हीकडे एकच खातं. त्याच्या पोटात वायरगार्ड नावाचं कुलूप असतं, म्हणजे मधला मजकूर कुलूपबंद. आतला कॉम्प्युटर स्वतः बाहेर जोडून घेतो, त्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. त्यात ‘सबनेट राउटर’ नावाची सोय आहे. ती चालू केली की तुम्ही घरी बसून वसतिगृहातल्या चारही डब्यांची पानं उघडू शकता, जणू खालच्या ऑफिसातच बसलात. हे भाच्याकडून करून घ्या, पोरगं कामाचं दिसतंय. त्या खात्याला दुसरी पायरी, म्हणजे मोबाइलवर येणारा कोड, लावायला विसरू नका.

आणि आता तो मघाचा त्रास. वसतिगृहातही १९२.१६८.१ आणि घरीही १९२.१६८.१ असेल तर लॅपटॉप गोंधळतो, मागची खोली नक्की कुणाच्या वाड्याची? वसतिगृहाचा पट्टा बदलून १९२.१६८.४७ सारखा काहीतरी आडवळणाचा करा. हे काम मात्र तिथे जाऊन, शनिवारी दुपारी, मुली जेवायला गेल्यावर.

तिथे जाऊन, हे मी अनुभवाने सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी जुलैमध्ये त्र्यंबक रस्त्यावरच्या एका वसतिगृहाचे डबे मी घरून वेगळ्या व्हीलॅनवर नेत होते. व्हीलॅन म्हणजे एकाच वायरीतून वेगवेगळ्या, एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या. सेटिंगची एक वाहिनी, मुलांची दुसरी. विचार उत्तम होता. डब्यावर ‘मॅनेजमेंट व्हीलॅन’ १ चा २० केला, ‘अप्लाय’ दाबलं, आणि पान गोल गोल फिरत राहिलं. स्विचच्या (सगळ्या डब्यांच्या केबल जिथे येतात त्या पेटीच्या) त्या पोर्टाला २० नंबर माहीतच नव्हता. मी ज्या फांदीवर बसले होते तीच कापली. रात्रीचे साडेदहा, बाहेर मुसळधार. सकाळी स्कूटीवरून गेले. वॉर्डनची शिडी एका पायाने आखूड, तिच्याखाली पाठ्यपुस्तक घातलं. मोबाइलच्या सिमची पिन रिसेटच्या भोकात घालून दहा सेकंद दाबून धरायची होती, तर छतातून पाणी ठिबकत होतं ते बरोबर मनगटावरून बाहीत. डबा कोरा झाला. पुढचे दोन तास सगळं पुन्हा हाताने भरलं, कारण कॉन्फिगची, म्हणजे सगळ्या सेटिंगची, फाइल उतरवून घेतलेली नव्हती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. आधी फाइल उतरवायची (आणि ती मेलवर फिरवायची नाही, आत पासवर्ड असतात). मग स्विचला नवा नंबर शिकवायचा, जुना न काढता. मग सगळ्यात लांबचा डबा, मग त्याच्या अलीकडचा, आणि आपण ज्यातून पलीकडे जातो तो शेवटी. सगळे नव्या वाटेने दिसले की मगच जुनी वाट बुजवायची. काही कंपन्यांच्या सामानात यासाठी पळवाट असते. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये ‘सेफ मोड’ आहे, तो चालू असताना तुमचं कनेक्शन तुटलं तर केलेले बदल आपोआप मागे फिरतात. तुमच्या डब्यात तसलं काही असेल असं वर्णनावरून वाटत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत क्लबहाउस आणि लॉबीत मिळून सहा अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत. बसवणारा म्हणतो, ‘पासवर्ड तुम्हाला कशाला, मी घरून बघतो.’ बघतोही चांगला, तक्रार केली की दहा मिनिटांत काम होतं. पण कमिटीतले दोघे म्हणतात, हे बरोबर नाही. तुमचं मत?
— सचिव, गृहनिर्माण संस्था, डोंबिवली

उत्तर : कमिटीतल्या त्या दोघांचं बरोबर आहे, आणि तो माणूसही वाईट नाही. त्याला काढू नका, किल्ल्यांचा जुडगा तेवढा परत घ्या.

सहा डबे घरून बघतो म्हणजे बहुधा क्लाउडच्या खात्यावरून. ते खातं त्याच्या खासगी ईमेलवर असणार. उद्या तो दुबईला गेला किंवा तुमचं बिलावरून वाजलं, तर पैसे सोसायटीचे आणि मालकी त्याची. सोसायटीच्या ईमेलवर मालकाचं खातं करा, डबे त्यात हलवून घ्या, आणि त्याला त्यातच वेगळ्या नावाचं, काम करण्यापुरतं खातं द्या. कुणी काय कधी बदललं ते नावासकट दिसतं, वादाचा मुद्दाच उरत नाही. मालकाचा पासवर्ड बंद पाकिटात, सही करून, सोसायटीच्या कपाटात. दर कमिटी बदलली की नवा.

नाहीच म्हणाला तर डबे रिसेट करून नव्याने भरता येतात, पण क्लाउडवरचे काही डबे जुन्या खात्यातून सोडवल्याशिवाय नव्या खात्यात जात नाहीत. म्हणून भांडायच्या आधी हलवून घ्या. शेवटचं बिल त्यानंतर द्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत, आईबाबा साताऱ्यात. वाय-फाय अडकलं की व्हिडिओ कॉल बंद, आणि फोनवर ‘मागची हिरवी लाइट लागलीय का’ यात अर्धा तास जातो. इथून त्यांचा राउटर रीस्टार्ट करता येईल का?
— एक मुलगी

उत्तर : येईल, पण जेव्हा गरज असते तेव्हा नाही. राउटरचं इंटरनेटच अडकलं असेल तर तू त्याच्यापर्यंत पोचणार कशातून? स्मार्ट प्लगचंही तेच. बऱ्याच जणांनी मला अभिमानाने सांगितलंय, ‘मी अमेरिकेतून प्लग बंद केला!’ आणि मग? प्लग वाय-फायवर, वाय-फाय राउटरवर, राउटर प्लगवर. चालू करायला शेजारचे काका लागले.

राउटरच्या पानावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू असेल तर ते बंदच कर, पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा. आणि गिझरला लावतात तो फिरत्या चकतीचा टायमर आण, पंधरा-पंधरा मिनिटांच्या छोट्या खुंट्या असतात तो. पहाटे साडेतीनची एक खुंटी बंदवर ठेव. राउटर रोज पंधरा मिनिटं झोपेल आणि ताजा होऊन उठेल. आईबाबांनी काही करायचं नाही.

फक्त एक. ती चकती विजेवर फिरते, त्यामुळे दिवे गेले की तिचं घड्याळ तिथेच थांबतं. साताऱ्यात दोन तास वीज गेली तर राउटर साडेपाचला झोपेल, आणि काही दिवसांनी नेमका तुझ्या कॉलच्या वेळी. चकतीवर बाणासमोर आत्ताची वेळ आणायची असते. बाबांना ते एकदा व्हिडिओवर दाखवून ठेव, आणि बाणाला लाल नेलपेंटचा ठिपका लावून ये.